कोंबडीतला पट्टकृमी: डोकं एकाचं, डीएनए दुसऱ्याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने जालन्यातल्या दुकानातून आणलेल्या गावठी कोंबडीच्या आतड्यातून पट्टकृमी काढले. चूषक (डोक्यावरच्या चिकटायच्या वाट्या) गोल आणि काटेरी. रोस्टेलमवरचे, म्हणजे डोक्याच्या टोकावरच्या उंचवट्यावरचे, आकडे मोजले तर साधारण एकशे चाळीस. जननरंध्रं बहुतेक खंडांत एकाच बाजूला, पण मध्येच काही खंडांत दुसऱ्या बाजूला. वृषणांची संख्या जुन्या वर्णनांशी जुळत नाही. डीएनएसाठी तीन-चार कृमींचे मागचे तुकडे एकत्र घेतले. २८एस जनुकाचा क्रम (अक्षरांची साखळी) रायलिएटिना इकिनोबोथ्रिडा या जातीशी ९९ टक्के जुळला, सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा मात्र रायलिएटिना टेट्रागोनाच्या जवळ गेला. "शरीररचनेवर विश्वास ठेवू की जनुकांवर? आणि ही नवी जात असू शकते का?"

सध्या दोन्हींवर नको. शरीररचना आणि जनुकं इथे भांडत नाहीयेत, कारण ती एकाच प्राण्याची आहेत हेच अजून सिद्ध झालेलं नाही. प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: "तीन-चार कृमींचे मागचे तुकडे एकत्र घेतले."

आपल्याकडच्या उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीत एकच जात सापडणं ही चैन आहे. एकाच आतड्यात टेट्रागोना, इकिनोबोथ्रिडा आणि कोटुग्निया (हा पट्टकृमींचा दुसरा वंश) एकत्र नांदताना मी कितीतरी वेळा पाहिलेत. पहिल्या दोघांचे मधले यजमान मुंग्या, त्यामुळे अंगणात मुंग्या टिपणाऱ्या कोंबडीला दोन्ही मिळतात. त्यात मागचे खंड म्हणजे अंड्यांनी भरलेले, पिकलेले खंड. ते सुटे व्हायलाच बनलेले असतात. पेट्री डिशमध्ये तरंगणारा असा तुकडा कोणत्या डोक्याचा, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय त्या खंडात कृमीच्या स्वतःच्या पेशी कमी आणि अंड्यांमधल्या भ्रूणांच्या जास्त. तुम्ही डोकं एका कृमीचं पाहिलंत, डीएनए तिघाचौघांचा काढलात आणि उत्तर एकच यावं अशी अपेक्षा केलीत. सीओआयचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे क्रम वाचणाऱ्या यंत्राचा शिखरांचा आलेख, उघडून बघा. जागोजागी एका शिखराखाली दुसरं छोटं शिखर दिसत असेल तर प्रकरण तिथेच उलगडलं. दिसत नसेल तरी सुटका नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, प्रायमर (प्रत सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) ज्याला जास्त चांगला चिकटतो त्याचाच आवाज वर येतो आणि दुसरा दबून जातो. २८एसचे प्रायमर एका जातीला धार्जिणे आणि सीओआयचे दुसरीला, असं झालं तर नेमकं तुमच्यासारखंच चित्र दिसतं.

आता आकड्यांकडे. टेट्रागोनाच्या रोस्टेलमवर बहुधा एका ओळीत साधारण शंभर आकडे असतात, चूषक लंबगोल. इकिनोबोथ्रिडाच्या रोस्टेलमवर दोन ओळींत दोनशेच्या वर, चूषक गोल आणि त्यांच्यावरचे काटे दणकट. तिसरी नेहमीची जात म्हणजे सेस्टिसिलस: रोस्टेलम रुंद, त्यावर चारशे-पाचशे बारीक आकडे आणि चूषकांवर काटेच नाहीत. तुमचे एकशे चाळीस कुठेच बसत नाहीत आणि म्हणूनच मला ते संशयास्पद वाटतात. आकडे गळतात. कृमी मेल्यावर तास-दोन तास आतड्यात राहिला तर गळतात, चिमट्याने ओढून काढला तर आतड्याच्या अस्तरात अडकून राहतात. इकिनोबोथ्रिडा तर डोकं इतकं खोल खुपसतो की आतड्यावर बाहेरून गाठी दिसतात. त्या पाहून पक्ष्यांचा क्षयरोग समजण्याची चूक पूर्वीपासून होत आली आहे. अशा गाठीतून ओढून काढलेल्या डोक्यावर पूर्ण आकडे असतील तर नवलच. तेव्हा मोजायचे ते फक्त आकडे नव्हेत, गळलेल्या आकड्यांच्या रिकाम्या जागाही. डोकं कापून बर्लीझच्या (पारदर्शक करणाऱ्या) द्रावात ठेवा, वरून पाहता येईल असं उभं करा आणि तेल घालून शंभरच्या भिंगाखाली मोजा. ओळ एक की दोन, हे संख्येपेक्षा महत्त्वाचं. दोन ओळी निघाल्या तर टेट्रागोनाची शक्यता कमी.

चूषक "गोल" दिसले या नोंदीलाही एक शेपूट आहे. कव्हरस्लिपच्या दाबाखाली लंबगोल चूषक गोल होतो आणि गोल चूषक तिरका पडला की लंबगोल दिसतो. चारही चूषक पाहिलेत का, की समोर आलेला एकच?

जननरंध्रांचा मुद्दा जास्त मजेशीर आहे. १९२० मध्ये फ्युरमानने रायलिएटिनाचा पसारा आवरताना दोन साधे प्रश्न वापरले. रंध्रं एकाच बाजूला की अनियमितपणे दोन्ही बाजूंना? आणि पिकलेल्या खंडातल्या प्रत्येक अंडपुटिकेत (अंड्यांच्या पिशवीत) अंडं एक की अनेक? यातून चार कप्पे होतात. एकाच बाजूला आणि अनेक अंडी म्हणजे रायलिएटिना. दोन्ही बाजूंना आणि अनेक अंडी म्हणजे फ्युरमानेटा. एकाच बाजूला आणि एक अंडं म्हणजे पॅरोनिएला. दोन्ही बाजूंना आणि एक अंडं म्हणजे स्क्रियाबिनिया. आधी हे उपवंश होते, १९९४ च्या सर्वमान्य कीमध्ये (ओळख पटवण्याच्या तक्त्यात) ते स्वतंत्र वंश म्हणून आले. कागदावर झकास. पण इकिनोबोथ्रिडाने ही चौकट कधीच नीट मानली नाही. त्याची रंध्रं बहुतेक एका बाजूला असतात आणि मध्येच चार खंडांत पलीकडे जातात. म्हणून कुणी त्याला रायलिएटिनात ठेवतं, कुणी फ्युरमानेटात. म्हणजे एकाच पट्ट्यातल्या पुढच्या खंडाचा वंश एक आणि मागच्याचा दुसरा! तुम्हाला दिसलेली "मध्येच दुसरी बाजू" ही विकृती नव्हे, नव्या जातीची खूणही नव्हे. उलट ती इकिनोबोथ्रिडाकडे बोट दाखवते. शेवटचे पिकलेले खंड मधोमध एकमेकांपासून सुटून खिडक्यांसारख्या फटी दिसतात का तेही पाहा. ही खूण साध्या भिंगाखालीही दिसते आणि विद्यार्थी तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

वृषणांच्या संख्येवर मात्र मी एक दमडीही लावणार नाही, निदान तुमच्या स्लाइडवरून तरी नाही. कारण सांगतो. आमच्या काळी, आणि बऱ्याच प्रयोगशाळांत अजूनही, जिवंत कृमी दोन काचपट्ट्यांमध्ये दाबायचा, दोन्ही टोकांना दोरा गुंडाळायचा आणि ते पुडकं तसंच फिक्सेटिव्हमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावात) टाकायचं, ही रीत होती. स्लाइड देखणी होते, सगळे अवयव एका पातळीत दिसतात. पण खंडाची रुंदी वाढते, अंडाशय पसरतो, सिरस-पिशवी (नर जननेंद्रियाची पिशवी) उत्सर्जन नलिकांच्या पलीकडे जाते की अलीकडे थांबते हे दोरा किती घट्ट बांधला त्यावर ठरतं. आणि "सिरस-पिशवी नलिकांपर्यंत पोहोचते" हेच कीमधलं कलम असतं! पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी अशाच दाबलेल्या स्लाइडवरून कबुतरातल्या एका कोटुग्नियाला नवी जात ठरवून कागद तयार केला होता. त्याच कबुतरातला एक न दाबलेला कृमी बाटलीत उरला होता. सहज म्हणून तो रंगवला आणि माझी "नवी जात" जुन्या जातीत विरघळली. कागद फाडला. आजही त्याबद्दल वाईट वाटत नाही.

वृषणं मोजायची तर पक्व खंडात, म्हणजे गर्भाशय भरायला सुरुवात होण्याआधी. पिकत चाललेल्या खंडात ती विरत जातात. एका खंडात नव्हे, दहा-पंधरा खंडांत, तेही चार-पाच वेगवेगळ्या कृमींच्या. मग एकच संख्या नाही, पल्ला लिहायचा. मराठवाड्यातल्या कोंबड्या-कबुतरांतून रायलिएटिना आणि कोटुग्नियाच्या ढीगभर जाती वर्णन झाल्या आहेत. त्यातल्या अनेक वर्णनांचा आधार एक-दोन दाबलेल्या स्लाइड आणि वृषणांच्या संख्येतला पाच-दहाचा फरक एवढाच आहे. तुमची संख्या "जुन्या वर्णनांशी" जुळत नाही म्हणता, तर आधी ते जुनं वर्णन किती कृमींवरून झालं ते वाचा. शिवाय कृमीचा आकार आतड्यातल्या गर्दीवरही ठरतो. एकटा असेल तर लांब, शंभर असतील तर प्रत्येक जण किरकोळ. उंदरातल्या पट्टकृमींवर रीडने १९५१ मध्ये ही गोष्ट नीट मांडली. तरी आपण अजून लांबी-रुंदीवरून जाती पाडतो.

आता जनुकांची बाजू, कारण तिथेही आंधळा विश्वास चालू आहे. "ब्लास्टमध्ये ९९ टक्के आलं" (ब्लास्ट म्हणजे आपला क्रम साठवलेल्या क्रमांशी ताडून पाहणारं साधन) हे ऐकून आनंदाने उड्या मारणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. २८एस हे सावकाश बदलणारं जनुक आहे. बाराशे अक्षरांत एक टक्का फरक म्हणजे बारा अक्षरं. एवढ्या अंतरात दोन वेगळ्या जाती आरामात राहू शकतात. २८एस तुम्हाला कुळात आणि वंशात नीट बसवतं, जातीच्या दारात नेऊन सोडतं, आत नेत नाही. जातीसाठी सीओआय किंवा एनडी१ यांसारखं मायटोकॉन्ड्रियातलं वेगाने बदलणारं जनुक हवं. आयटीएस-२ हा डीएनएचा भाग बदलाच्या वेगात मधोमध बसतो. इकिनोबोथ्रिडाचं आयटीएस-२ शिलाँगच्या गटाने २०१४ मध्ये भारतीय नमुन्यांवरून प्रसिद्ध केलं आहे, तुमचा तो भाग आला तर त्याच्याशी ताडून पाहा.

सीओआयसाठी कुठले प्रायमर वापरलेत ते तुम्ही लिहिलं नाही. १९९४ ची फोल्मर जोडी वापरली असेल तर चपट्या कृमींवर ती बहुतेक वेळा दगा देते. देते म्हणजे नुसती गप्प बसत नाही, भलतंच काही वाढवून देते. आमच्याकडे एकदा सुरेख, ठसठशीत बँड आला, क्रम आला, ब्लास्टमध्ये टाकला तर समोर गॅलस गॅलस, म्हणजे खुद्द कोंबडी! कृमीच्या अंगाला चिकटलेला आतड्याचा श्लेष्मा नीट धुतला नव्हता. म्हणून चपट्या कृमींसाठीच बनवलेले प्रायमर घ्या. जेबी३ आणि जेबी४.५ ही जुनी जोडी अजूनही कामाची आहे, तुकडा लहान मिळतो एवढंच.

क्रम हातात आला की आधी तो प्रथिनात भाषांतरित करा, पण नवव्या क्रमांकाचा जनुकीय तक्ता निवडून. सामान्य तक्त्यात टीजीए म्हणजे "थांबा", चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियात ते ट्रिप्टोफॅन. एएए सामान्यतः लायसिन, इथे ॲस्परॅजिन. चुकीच्या तक्त्याने भाषांतर केलं की मध्येच थांबे दिसतात आणि माणूस चांगला क्रम खराब समजून टाकून देतो. उलट, नवव्या तक्त्यानेही थांबे दिसले तर क्रमात खरंच गडबड आहे.

आणि जेनबँक या क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातलं नाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तिथे "रायलिएटिना टेट्रागोना" असं लिहिणाऱ्यानेही कधीतरी तुमच्यासारखंच पेट्री डिशसमोर बसून नाव ठरवलेलं असतं. त्याने डोकं पाहिलं होतं का? स्लाइड जपली आहे का? कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने? नोंदीत हे नसेल तर तो क्रम खरा, नाव मात्र ऐकीव. पहिल्या ओळीवर थांबू नका, क्वेरी कव्हरेज (तुमच्या क्रमाचा किती भाग ताडला गेला ते) बघा आणि जवळचे सगळे क्रम घेऊन नात्यांचं झाड काढा. "पाच टक्के फरक म्हणजे नवी जात" असलं माप मागू नका. आपल्या जातीतल्या नमुन्यांमधलं अंतर आणि शेजारच्या जातीपर्यंतचं अंतर यांच्यामध्ये स्पष्ट खिंड पडते का, ते पाहायचं. त्यासाठी एक नमुना पुरत नाही.

मग जनुकांचा उपयोग काय, असं वाटेल. भरपूर आहे, पण शरीराकडे परत पाठवण्यासाठी. क्लिनोस्टोमम या पर्णकृमीचं उदाहरण मला फार आवडतं. हा बगळ्यांच्या तोंडात-घशात राहतो आणि त्याची अळी गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात पिवळ्या दाण्यासारखी दिसते. युरोपातला कॉम्प्लॅनेटम रुडोल्फीने १८१४ मध्ये नोंदवला, अमेरिकेतला मार्जिनेटम १८१९ मध्ये. पुढे दोन्ही एकच की वेगळे यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, कारण शरीर जवळपास सारखं दिसायचं. २००४ मध्ये १८एसच्या क्रमांनी वेगळे असल्याचं दाखवलं. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने आयटीएस आणि सीओआय घेऊन तेच पक्कं केलं, पण तिथे थांबले नाहीत. जनुकांनी दोन ढिगाऱ्यांत वाटलेल्या त्याच प्राण्यांचे शरीर पुन्हा बारकाईने पाहिले आणि जननेंद्रियांच्या संकुलाचा आकार आणि जागा यांत फरक सापडला, अळीतसुद्धा. तो फरक आधीही तिथेच होता. कुठे पाहायचं ते कुणाला माहीत नव्हतं.

दुसरा मोठा फायदा अळ्यांचा. गोगलगायीतून बाहेर पडणाऱ्या सर्केरियाला (पर्णकृमीच्या अळीला) किंवा माशाच्या डोळ्यातल्या मेटासर्केरियाला (तिच्या पुढच्या अवस्थेला) वृषणं-अंडाशय पुरते बनलेले नसतात, त्यामुळे प्रौढांची की तिथे निरुपयोगी. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या माशांमधल्या डिप्लोस्टोमिडे कुळातल्या अळ्यांचे सीओआय काढल्यावर दिसलं की बहुतेक जाती ठरावीक माशांनाच धरून राहतात. माशांच्या अनेक जातींत मोकळेपणाने फिरणाऱ्या जाती होत्या त्या मुख्यतः डोळ्याच्या भिंगातल्या, जिथे माशाची प्रतिकारशक्ती फारशी पोहोचत नाही. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली या अळ्या वेगळ्या करणं अशक्य होतं. आणि अळ्यांवरच्या अशा कामाला पक्षी मारावा लागत नाही. आपल्याकडे जंगली पक्ष्याला हात लावायचा तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मेलेला बगळासुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही. नाथसागराच्या काठावर गोगलगायी गोळा करणं त्यापेक्षा खूप सोपं.

नव्या जातीचा विचार सध्या बाजूला ठेवा. पुढे खरंच तशी वेळ आली तर जैवविविधता कायद्यानुसार नमुना ठरवून दिलेल्या भांडारात जमा करावा लागतो, आणि प्राण्यांसाठी ते म्हणजे मुख्यतः झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण). त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, एखादा दिवस काढून तिथला कृमींचा संग्रह कसा ठेवला जातो ते विचारून या. फुकटचं शिक्षण आहे.

आता तुम्ही काय करायचं. उरलेला डीएनए ठेवून द्या, त्यावर आणखी पैसे घालू नका. नवीन आतडी आणा. कापल्यानंतर तासाभरात ती तुमच्या टेबलावर असली पाहिजेत. लांबीत चिरा, कोमट सलाईनमध्ये ठेवा आणि वाट बघा. घाई करून चिमट्याने ओढू नका, कृमी बऱ्याचदा आपणहून सोडतात. न सोडणाऱ्याभोवतीचं अस्तर सुईने बाजूला करा. नळाचं पाणी नको, फुगतात. डोक्यापासून मागपर्यंत सलग असलेला एक कृमी उचला, वेगळ्या डिशमध्ये तीन-चारदा धुवा. मानेच्या बऱ्याच मागे, पण पिकलेल्या खंडांच्या पुढे, एक सेंटिमीटरचा तुकडा कापून ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये टाका. उरलेल्या दोन्ही भागांवर उकळीच्या जवळ आलेलं सलाईन एकदम ओता. कृमी क्षणात सरळ होतो, दाबायची गरजच राहत नाही. मग फिक्सेटिव्ह, मग कार्माइनचा रंग. फॉर्मॅलिनची बाटली डीएनएच्या तुकड्यापासून दूर ठेवा. तुकड्याला आणि स्लाइडला एकच क्रमांक द्या, आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. मार्करने बाहेर लिहिलेलं अल्कोहोलचा एक थेंब पुसून टाकतो. ज्या कृमीचा क्रम काढला त्याच्याच जपून ठेवलेल्या उरलेल्या शरीराला आमच्या धंद्यात होलोजिनोफोर म्हणतात. शब्द जड आहे, काम कात्रीच्या दोन घावांचं आहे.

असे निदान पाच कृमी, प्रत्येकाचा डीएनए वेगळा. तोवर प्रबंधात "रायलिएटिना, जात अनिश्चित" लिहा, कुणी नावं ठेवणार नाही. आणि आतडी आणायला रविवारी जाऊ नका, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते आणि पाच कोंबड्यांची आतडी एकाच बादलीत पडतात. सोमवारी सकाळी जा, प्रत्येक कोंबडीसाठी वेगळी पिशवी घेऊन.